फील्डची लांबी कोण ठरवतं? एएस/४००च्या फाइलींमधला एक छोटा इतिहास

संशोधनाचा विषय शोधताना आपली नजर आधी मोठ्या गोष्टींकडे जाते. संगणकाचा इतिहास लिहायचा म्हटलं की पहिला मायक्रोप्रोसेसर, इंटरनेट, एखादा गाजलेला संस्थापक असं काहीतरी डोळ्यासमोर येतं. आज तुम्हाला अगदी उलट टोकाला नेतो. एका डेटाबेस फाइलीत एका फील्डला सहा अंकांची जागा होती आणि ती सात किंवा आठ अंकांची करायची होती. बस्, विषय एवढाच.

तुम्ही म्हणाल, यात इतिहास कुठे आला? हे तर तांत्रिक काम झालं. मी सांगू पाहतोय ते हेच, की फील्डची लांबी हा एक ऐतिहासिक दस्तऐवज असतो. ती कोणीतरी, कधीतरी, कसला तरी खर्च वाचवायला ठरवलेली असते. पुढे ती बदलायची वेळ आली की कळतं, तिच्यावर किती लोक आणि किती प्रोग्राम उभे आहेत. आणि बदल नीट पार पडला, तर त्याचा मागमूसही उरत नाही. इतिहासकाराची खरी अडचण इथे आहे.

यंत्र कुठलं?

मिडरेंज म्हणजे मधल्या आकाराचे संगणक. मोठ्या बँकांच्या मेनफ्रेमपेक्षा लहान, टेबलावरच्या पीसीपेक्षा मोठे. कारखाने, घाऊक व्यापारी, विमा कंपन्या, रुग्णालयं, मध्यम बँका हे त्यांचं गिऱ्हाईक. आयबीएमचे हे संगणक अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टर गावी घडले. १९६९ साली सिस्टिम/३ आला. मग सिस्टिम/३२, सिस्टिम/३४, १९७८ साली जाहीर झालेला सिस्टिम/३८, १९८३चा सिस्टिम/३६, आणि २१ जून १९८८ रोजी या सगळ्यांचा वारसदार म्हणून एएस/४००. पुढे नावं बदलत गेली. आयसिरीज, सिस्टिम आय, आणि २००८पासून आयबीएम आय. यंत्रं आजही चालू आहेत, त्यामुळे हा मेलेल्या तंत्राचा इतिहास नाही.

या घराण्यात दोन परंपरा होत्या, आणि फरक समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पहिली परंपरा पंचकार्डाची. १९२८पासून आयबीएमच्या कार्डावर ८० रकाने असत; सिस्टिम/३चं कार्ड लहान असूनही त्यावर ९६ रकाने बसत. फाइल म्हणजे अशा कार्डांची चळत. १ ते ६ रकान्यांत ग्राहक क्रमांक, ७ ते ३१मध्ये नाव, ३२ ते ३७मध्ये तारीख, हे फाइलीत कुठेच लिहिलेलं नसे. ते प्रत्येक प्रोग्राममध्ये वेगळं लिहावं लागे. आरपीजी ही या यंत्रांची मुख्य भाषा. तिच्यात ‘अमुक जागेपासून तमुक जागेपर्यंत’ असंच फील्ड सांगायचं. कार्डं गेली, डिस्क आल्या, तरी सिस्टिम/३६पर्यंत ही सवय टिकली.

दुसरी परंपरा सिस्टिम/३८ची. या यंत्रात डेटाबेस ऑपरेटिंग सिस्टिममध्येच बसवलेला होता. फाइलीचं वर्णन फाइलीसोबत राहू लागलं. फील्डचं नाव काय, लांबी किती, दशांश किती, हे डीडीएस नावाच्या ठरावीक पद्धतीनं एकदाच लिहायचं. प्रोग्राम कंपाइल होताना ते वर्णन तिथून उचलतो. प्रत्यक्ष माहिती ठेवणारी ती फिजिकल फाइल, आणि तीच माहिती वेगळ्या क्रमानं किंवा निवडून दाखवणारी ती लॉजिकल फाइल. एएस/४००नं हीच रचना पुढे चालवली, पण सिस्टिम/३६च्या जुन्या ग्राहकांसाठी पहिली परंपराही पोटात घेतली. म्हणून एकाच कंपनीच्या एकाच यंत्रावर दोन्ही प्रकारच्या फाइली शेजारी शेजारी सापडायच्या.

फाइल आणि प्रोग्राम यांच्यातला करार

आता या कथेतला सगळ्यात महत्त्वाचा भाग, लेव्हल चेक. फिजिकल फाइल तयार होते तेव्हा यंत्र तिच्या रेकॉर्डच्या मांडणीवरून १३ अक्षरांची एक खूण काढतं. फील्डांची नावं, प्रकार, लांबी, क्रम हे सगळं त्या खुणेत उतरतं. प्रोग्राम कंपाइल झाला की त्या क्षणाची खूण प्रोग्राममध्ये नोंदली जाते. पुढे प्रोग्राम फाइल उघडायला गेला की यंत्र दोन्ही खुणा जुळवून पाहतं. जुळल्या तर ठीक. नाही जुळल्या तर प्रोग्राम तिथेच थांबतो आणि ‘सीपीएफ४१३१’ हा संदेश येतो.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. फील्डची लांबी ही फाइलीची खासगी बाब राहत नाही. तो फाइल आणि तिला वाचणारे सगळे प्रोग्राम यांच्यातला लेखी करार असतो. एका बाजूनं तो बदलला की बाकीच्या सगळ्यांच्या सह्या नव्यानं घ्याव्या लागतात, म्हणजे प्रोग्राम पुन्हा कंपाइल करावे लागतात.

ही तपासणी बंद करण्याची सोयही होती. फाइलीवर ‘लेव्हल चेक नको’ असं म्हणता येई. प्रोग्राम मग थांबत नसे. तो जुन्याच मोजमापानं रेकॉर्ड वाचत राही. शेवटी एखादं नवं फील्ड जोडलं असेल, तर बहुधा काही बिघडत नसे. पण मधल्या फील्डची लांबी बदलली असेल, तर त्यानंतरचं सगळं सरकलेलं असायचं. नशीब चांगलं असेल तर ‘डेसिमल डेटा एरर’ येऊन काम बंद पडे. नशीब वाईट असेल तर काहीच बंद पडत नसे, आकडे मात्र चुकीचे छापले जात. एखाद्या यंत्रावर किती फाइलींची तपासणी बंद ठेवली होती, यावरून त्या कचेरीत काम कसल्या घाईत चाललं होतं याचा अंदाज बांधता येतो.

लांबी बदलायची म्हणजे नक्की काय करायचं?

आता काम क्रमानं पाहू. फाइलीच्या मजकुरात एक आकडा बदलायला एक मिनिट पुरतं. बाकीचं काम त्याच्याभोवती असतं.

आधी शोधाशोध. या फाइलीवर कोणत्या लॉजिकल फाइली उभ्या आहेत, ते एका कमांडनं कळतं. कोणते प्रोग्राम तिला हात लावतात, ते दुसऱ्या कमांडनं. पण ही यादी पुरी पडत नाही. तेच मूल्य पुढे दुसऱ्या फाइलीत लिहिलं जात असेल, तर तिथलंही फील्ड वाढवायला हवं. मग त्या फाइलीचे प्रोग्राम. मग ते मूल्य दाखवणारे स्क्रीन आणि छापणारे अहवाल. एएस/४००चा नेहमीचा स्क्रीन २४ ओळी आणि ८० रकान्यांचा, तर छापील अहवाल साधारण १३२ रकान्यांचा. ओळ आधीच ठासून भरलेली असेल, तर तारखेला आणखी दोन अंक देण्यासाठी दुसऱ्या कोणाचे तरी दोन अंक काढून घ्यावे लागतात. म्हणजे प्रोग्रामरला हिशेब खात्यातल्या माणसाशी जाऊन बोलावं लागतं. इथे काम तांत्रिक राहत नाही.

मग प्रत्यक्ष बदल. फाइल कोणी वापरत नसेल तेव्हाच तो करता येतो, म्हणून रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी. आधी बॅकअप. लॉजिकल फाइली अवलंबून असताना फिजिकल फाइल काढून टाकता येत नाही, म्हणून आधी त्या काढायच्या. जुनी फाइल नाव बदलून बाजूला ठेवायची. नव्या लांबीची फाइल तयार करायची. मग जुनीतली माहिती नवीत आणायची. त्यासाठी ‘सीपीवायएफ’ या कमांडमध्ये ‘मॅप’ हा पर्याय द्यायचा, म्हणजे यंत्र फील्डाच्या नावानं नाव जुळवून मूल्य नव्या लांबीत बसवतं. त्याऐवजी तपासणी न करण्याचा पर्याय दिला, तर बाइटमागून बाइट जसेच्या तसे ओतले जातात आणि सगळ्या रेकॉर्डांची खिचडी होते. त्यानंतर लॉजिकल फाइली पुन्हा बांधायच्या, फाइलीवरचे अधिकार पुन्हा द्यायचे, सगळे प्रोग्राम पुन्हा कंपाइल करायचे आणि सोमवारी सकाळी फोन वाजतोय का याची वाट पाहायची.

पुढे ‘सीएचजीपीएफ’ या कमांडला बदललेलं वर्णन दिलं की यंत्र यातला बराचसा भाग स्वतः करू लागलं. एसक्यूएलच्या मार्गानंही तेच साधलं. श्रम वाचले, पण करार तसाच राहिला. फाइल बदलली की प्रोग्रामांना नवी खूण घ्यावीच लागते.

मुळात सहाच अंक का ठेवले?

आता सगळ्यात गाजलेल्या फील्डकडे येऊ: तारीख. वर्षाला दोनच अंक द्यायची सवय पंचकार्डापासूनची. पण तिला आळस म्हणून सोडून देऊ नका, हिशेब करून पाहा. १९७९ साली आलेली आयबीएमची ६२पीसी ही ८ इंची डिस्क सुमारे ६५ मेगाबाइटची होती. समजा एका फाइलीत ५ लाख रेकॉर्ड आहेत आणि प्रत्येकात ४ तारखा. शतकाचे दोन अंक प्रत्येक तारखेत ठेवले, तर ४० लाख बाइट वाढतात. म्हणजे अख्ख्या डिस्कचा सहा टक्क्यांच्या आसपास भाग फक्त ‘१९’ हे दोन अंक पुन्हा पुन्हा लिहिण्यात गेला असता. त्या काळच्या माणसानं ते वाचवले, तर त्याला मूर्ख ठरवायचा अधिकार आपल्याला नाही. इशारे मात्र होते. बॉब बेमर यांनी १९७१ साली या धोक्याबद्दल लिहिलं होतं. पीटर दि यागर यांचा ‘कॉम्प्युटरवर्ल्ड’मधला गाजलेला लेख आला सप्टेंबर १९९३ मध्ये. मधली बावीस वर्षं डिस्क स्वस्त होत गेली, तरी फील्डं तशीच राहिली. कारण बाइटची किंमत उतरली, कराराची चढत गेली. दर वर्षी त्या सहा अंकांवर नवे प्रोग्राम उभे राहत होते.

तीन वाटा, आणि अर्ध्या बाइटची गोष्ट

२००० साल जवळ आल्यावर एएस/४०० वापरणाऱ्यांसमोर ढोबळमानानं तीन वाटा होत्या.

पहिली वाट फील्ड आठ अंकांचं करण्याची. सगळ्यात स्वच्छ, सगळ्यात महाग. वर सांगितलेली सगळी यातायात प्रत्येक फाइलीसाठी.

दुसरी वाट ‘विंडोइंग’ची, म्हणजे खिडकीची. फील्डला हात लावायचा नाही. प्रोग्रामनं ठरवायचं की ४० ते ९९ म्हणजे १९४० ते १९९९, आणि ०० ते ३९ म्हणजे २००० ते २०३९. या यंत्राच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा नियमही हाच. स्वस्त काम. पण १९३५ साली जन्मलेला विमेदार या खिडकीतून पाहिला तर २०३५ साली जन्मणार असतो. आणि लॉजिकल फाइल सहा अंकांच्या तारखेवरच क्रम लावत असेल, तर जानेवारी २०००ची नोंद डिसेंबर १९९९च्या आधी जाऊन बसते. प्रोग्राम कितीही शहाणा असला तरी. शिवाय ही खिडकी २०३९ला बंद होते.

तिसरी वाट मला सगळ्यात जास्त आवडते. या यंत्रांवर आकडे बहुधा पॅक्ड डेसिमल पद्धतीनं ठेवले जात. त्यात एका बाइटमध्ये दोन अंक बसतात, प्रत्येक अंकाला अर्धा बाइट. शेवटचा अर्धा बाइट अधिक-उणे चिन्हासाठी राखीव. आता मोजा. सहा अंक आणि एक चिन्ह म्हणजे सात अर्धे, साडेतीन बाइट. अर्धवट बाइट ठेवता येत नाही, म्हणून जागा लागते चार बाइटची. म्हणजे सहा अंकी तारखेच्या डोक्यावर एक अर्धा बाइट पहिल्यापासून रिकामा होता, त्यात शून्य पडून होतं!

फील्ड सहाचं सात अंकी केलं, तर तेच चार बाइट पुरतात. पहिला अंक शतकाचा: ० म्हणजे १९००ची वर्षं, १ म्हणजे २०००ची. जुनी ९९१२३१ ही तारीख आता ०९९१२३१ अशी वाचली जाते, म्हणजे १९९९च. पुढची तारीख १०००१०१. क्रम बरोबर लागतो. रेकॉर्डची लांबी तीच, आणि जुन्या माहितीतला एकही बाइट बदलावा लागत नाही. आठ अंक मागितले असते, तर पाचवा बाइट लागला असता आणि पुढचं सगळं सरकलं असतं.

पण वर्णन सहाचं सात झालं म्हणजे खूण बदलली. माहिती जशीच्या तशी असूनही लेव्हल चेक प्रोग्रामांना थांबवणार आणि ते कंपाइल करावेच लागणार. बदल आधी आणि बदल नंतर अशा दोन टेप तुमच्या हाती आल्या आणि तुम्ही त्यातले नुसते बाइट तपासले, तर तुम्हाला काहीही फरक दिसणार नाही. बदल माहितीत नव्हताच, तो वर्णनात होता. अभिलेखागारात काम करणाऱ्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. जुन्या वहीत आकडे तेच असतात, पण डोक्यावरच्या रकान्याचं शीर्षक बदललं की त्यांचा अर्थ बदलतो.

हे काम केलं कुणी?

इथे आपला धागा जुळतो. आयबीएमनं १९७८ साली भारतातला कारभार गुंडाळला आणि १९९२ साली टाटांबरोबरच्या संयुक्त कंपनीतून ती परत आली. दरम्यान भारतीय कंपन्या परदेशातल्या यंत्रांवर काम करायला शिकल्या होत्या. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिका-युरोपातल्या कंपन्यांना ही हजारो फील्डं शोधायला आणि बदलायला माणसं हवी होती. अंधेरीच्या सीप्झमध्ये, पुण्यात, चेन्नईत, बंगळुरूमध्ये ती माणसं होती. १९९८ साली अमेरिकेनं एच-वन-बी व्हिसांची वार्षिक मर्यादा दोन वर्षांसाठी ६५ हजारांवरून १ लाख १५ हजारांवर नेली. आपल्याकडे कित्येक मराठी घरांत ‘वायटूकेसाठी गेला’ किंवा ‘गेली’ हे वाक्य तेव्हा रूढ झालं.

आपल्या आयटी उद्योगाच्या इतिहासात वायटूके येतं ते ‘संधी’ म्हणून, पायरी म्हणून. काम काय होतं, हे मात्र क्वचितच सांगितलं जातं. दुसऱ्याच्या वीस वर्षांपूर्वीच्या प्रोग्राममध्ये तारखा शोधायच्या. आरपीजीच्या त्या वेळच्या जुन्या रूपात फील्डचं नाव सहा अक्षरांपेक्षा मोठं असू शकत नसे. मग कुठलं नाव तारखेचं आणि कुठलं रकमेचं, हे ओळखणं ही एक वाचनकलाच होती. हस्तलिखितं वाचणाऱ्याला लागते तसली.

‘काहीच तर झालं नाही!’

१ जानेवारी २००० उजाडला आणि जग चालू राहिलं. तेव्हापासून वायटूके म्हणजे बाऊ, पैसे उकळण्याचा धंदा, असं एक मत पक्कं झालं. गार्टनर या सल्लागार संस्थेनं जगभरच्या खर्चाचा अंदाज ३०० ते ६०० अब्ज डॉलर असा दिला होता, त्यामुळे रागही समजू शकतो.

हे मत उडवून लावू नका, त्यात एक चांगला मुद्दा आहे. ज्या देशांनी कमी खर्च केला, तिथेही मोठा अनर्थ झाला नाही. मग खर्च वाया गेला का? फाइलीच्या पातळीवर उतरलात की प्रश्न वेगळा दिसतो. एक, जिथे प्रोग्रामांचं जाळं विरळ, तिथे धोकाही कमी. दोन, इथली बहुतेक बिघाडांची जात विमान पडण्याची नव्हतीच. व्याज चुकणं, थकबाकीची यादी उलटी लागणं, मुदत संपल्याचा शिक्का अवेळी बसणं, अशी ती जात. हे बिघाड बातमीत येत नाहीत, महिन्याभरात हातानं दुरुस्त होतात. म्हणून ‘अनर्थ झाला का?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. ‘कुठल्या फाइलीत काय चुकलं असतं, आणि ते कोणी थांबवलं?’ हा संशोधनाचा प्रश्न.

आणि त्याचं उत्तर शोधणं अवघड आहे, कारण यशस्वी बदल स्वतःचा पुरावा पुसतो. प्रोग्राम कंपाइल झाला की जुनी खूण गेली. जुनी फाइल काही आठवडे बाजूला राहते, मग जागा हवी म्हणून काढून टाकली जाते. अपयश नोंदलं जातं, यश नाही.

मग तुम्ही काय कराल?

पुरावा पुसला जात असला तरी त्याच्या सावल्या इतरत्र पडतात. अमेरिकेच्या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना १९९८-९९च्या सुमारास आपल्या अहवालांत वायटूकेच्या तयारीबद्दल लिहावं लागत होतं. ते अहवाल आज उघडपणे वाचता येतात. अमेरिकी सिनेटनं याच विषयासाठी नेमलेल्या विशेष समितीचे अहवाल आहेत. सिस्टिम/३८ आणि एएस/४००च्या माहितीपुस्तिका स्कॅन होऊन उपलब्ध आहेत, आणि त्या कंटाळवाण्या वाटल्या तरी प्राथमिक साधन म्हणून फार मोलाच्या आहेत. एखादी कमांड कुठल्या आवृत्तीत पहिल्यांदा दिसते, यावरून लोकांना कुठे दुखत होतं ते कळतं. मिनेसोटा विद्यापीठातल्या चार्ल्स बॅबेज इन्स्टिट्यूटमध्ये संगणक क्षेत्रातल्या लोकांच्या मुलाखतींचा मोठा संग्रह आहे.

पण सगळ्यात महत्त्वाचं साधन माणसं. तेव्हा पंचविशी-तिशीत असलेली ही माणसं आता पन्नाशी-साठीत आहेत. बरीचशी ठाण्या-पुण्यात, काही न्यू जर्सीत. त्यांना ‘वायटूकेबद्दल सांगा’ असं विचारलंत तर वर्तमानपत्रात वाचलेलंच परत ऐकायला मिळेल. त्याऐवजी असं विचारा: कुठल्या फाइलीचं, कुठलं फील्ड, कितीचं किती केलंत? लॉजिकल फाइली किती होत्या? लेव्हल चेक कधी बंद ठेवला होता का, आणि कोणाच्या सांगण्यावरून? खिडकी घ्यायची की आठ अंक, हे कोणी ठरवलं? नेमक्या प्रश्नाला आठवणही नेमकी येते.

तुमचा विषय संगणकाचा नसला तरी ही पद्धत उपयोगी पडेल. शाळेचा दाखला, सातबारा, जनगणनेचा तक्ता, रुग्णालयाचं केसपेपर, प्रत्येकात रकाने असतात आणि प्रत्येक रकान्याला लांबी असते. ती कोणी ठरवली, कशात मावेना म्हणून बदलली, आणि बदलताना कोणाकोणाला विचारावं लागलं, हे तीन प्रश्न तुमच्या आराखड्याच्या पहिल्या पानावर लिहून पाहा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत संपलं नाही, तर विषय हाती लागला असं समजा.